वेटरची नवी नोकरी: रुजू होण्याआधी आणि झाल्यावर पडणारे प्रश्न

अनेक वर्षं टेबलं सांभाळली, नंतर नव्या मुलामुलींना शिकवलं. दर वेळी फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. क्रम साधारण पहिल्या दिवसापासून पुढे जाणारा आहे. घाई असेल तर गर्दीबद्दलचा प्रश्न आधी वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

अनुभव शून्य आहे. निभावेल का?

निभावेल. या कामात बहुतेक जण कोरेच येतात. मालकाला किंवा कॅप्टनला (म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला) पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी बघायच्या असतात: माणूस वेळेवर येतो का, आणि सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागतं का. दुसऱ्या हॉटेलात थोडंफार काम केलेला नवखा कधीकधी जास्त जड जातो, कारण "आमच्याकडे असं करायचे" हे त्याच्या तोंडातून जात नाही.

पहिल्या दिवसाआधी काय तयारी करावी?

बूट. बाकी सगळं नंतर. तळ न घसरणारा, पुढून बंद आणि आधी आठवडाभर घरात घालून मऊ केलेला जोड हवा. कोरे बूट थेट आठ तासांच्या शिफ्टला घातले तर दुपारपर्यंत टाचा सोलून निघतात, आणि लंगडणाऱ्या वेटरच्या चेहऱ्यावर हसू टिकत नाही.

खिशात तीन पेनं ठेवा. एक तुमचं, एक गिऱ्हाईक सहीला घेऊन परत न देणार ते, आणि एक सोबतचा मागेल ते. नखं कापलेली, केस बांधलेले. अत्तर लावू नका, जेवणाऱ्याला जेवणाचा वास यायला हवा.

मेन्यू पाठ करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

नावं पाठ करून उपयोग नाही. गिऱ्हाईक नाव विचारत नाही, ते त्याच्या हातातल्या कार्डावर छापलेलं असतं. तो विचारतो: तिखट आहे का, दोघांना पुरेल का, यात दूध आहे का, किती वेळ लागेल. म्हणून प्रत्येक पदार्थापुढे चार गोष्टी लिहून काढा: मुख्य घटक, चव, प्रमाण, लागणारा वेळ. वेळ किचनमध्ये विचारा, अंदाजाने टाकू नका.

सगळा मेन्यू एका रात्रीत डोक्यात बसत नाही. सर्वाधिक जाणाऱ्या दहा पदार्थांपासून सुरुवात करा. निम्मीअधिक ऑर्डर त्यांतूनच येते. चाखायला मिळालं तर सोडू नका. "मी खाल्लंय, जरा आंबट आहे" या वाक्याला जे वजन येतं ते "खूप छान आहे सर"ला कधीच येत नाही. शिफ्ट सुरू होण्याआधी आज काय संपलंय हेही विचारून घ्या. गिऱ्हाइकाने मन लावून निवडलेला पदार्थ दहा मिनिटांनी "नाहीये" म्हणून सांगायला जाणं फार लाजिरवाणं असतं.

टेबलांचे नंबर कळतात. खुर्च्यांचे नंबर कशाला?

यासाठी: तुम्ही चार प्लेट घेऊन टेबलाशी उभे आहात, चौघं गप्पांत रंगलेत आणि तुम्ही विचारताय, "हे कोणाचं?" गप्पा तुटतात, सगळे हात वर होतात, एकाने काय मागवलं होतं तेच त्याला आठवत नाही. प्लेट गरम, मनगट थरथरतंय.

खुर्च्यांना नंबर असले की हे होत नाही. एक खूण ठरवायची, समजा दाराच्या बाजूची खुर्ची एक नंबर, आणि तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजत जायचं. हॉटेलची स्वतःची पद्धत असेल तर तीच धरा, कारण तुमची प्लेट दुसरा कुणी घेऊन जाऊ शकतो. पॅडवर पदार्थांची यादी लिहिण्याऐवजी आधी १, २, ३, ४ असे आकडे मांडा आणि ज्याचा पदार्थ त्याच्यापुढे टाका. दुसरी व्यक्ती आधी बोलली तर तिचा पदार्थ २ पुढे जातो, १ ची जागा रिकामी राहते. मग प्लेट घेऊन गेलात की न विचारता ज्याची त्याच्यापुढे ठेवता येते. चौघांपैकी एक तरी मान वर करून बघतोच. त्या बघण्यातच अर्धी टिप ठरते असं माझं मत आहे.

ऑर्डर लिहून घ्यावी की लक्षात ठेवावी?

लिहा. न लिहिता आठ जणांची ऑर्डर घेणारे असतात, बघायला मजाही येते, पण ते गिऱ्हाईक मात्र पदार्थ टेबलावर येईपर्यंत धास्तावलेलं असतं.

वेटरच्या स्मरणशक्तीचा एक किस्सा मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. बिल चुकतं होईपर्यंत वेटरला ऑर्डर तोंडपाठ असते आणि पैसे मिळताच ती पुसली जाते, असं बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या लक्षात आल्याचं सांगतात. त्यांची विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक हिने अपुऱ्या राहिलेल्या कामांच्या स्मरणावर प्रयोग केले आणि ते १९२७ साली छापून आले. मला यातलं दुसरं टोक जास्त कामाचं वाटतं: बिल झालेलं टेबल डोक्यातून जातं. म्हणून पॅडचं पान लगेच फाडून फेकू नका. गिऱ्हाईक दारापर्यंत जाऊन "हे आम्ही घेतलंच नव्हतं" म्हणत परत येतं, तेव्हा डोकं कोरं असतं आणि पानच वाचवतं.

ऑर्डर परत म्हणून दाखवणं गरजेचं आहे का?

हो, आणि गिऱ्हाइकाच्याच शब्दांत. तो "कमी तेल" म्हणाला तर "कमी तेल" म्हणा, त्याचं "लाइट" करू नका. चूक तिथल्या तिथे पकडली जाते हा एक फायदा. दुसरा असा की माणसाला आपलं ऐकलं गेल्याचं समाधान मिळतं. नेदरलँड्समध्ये रिक व्हॅन बारेन आणि सहकाऱ्यांनी एका रेस्टॉरंटमध्ये हे तपासून २००३ साली प्रसिद्ध केलं: ऑर्डर शब्दशः परत म्हणणाऱ्या वेट्रेसला, नुसतं "हो, आणते" म्हणण्यापेक्षा जास्त टिप मिळाली.

एका खेपेत तीन प्लेट कशा न्यायच्या?

पहिली प्लेट डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत धरा. दुसरी तिच्याखाली तळव्याकडे सरकवून उरलेल्या बोटांवर पेला. तिसरी उजव्या हातात. घरी रिकाम्या प्लेटांनी करा, मग प्रत्येकीत वाटीभर पाणी घालून करा. अंगठा प्लेटच्या काठावर राहिला पाहिजे, पदार्थाच्या दिशेने आत नाही.

ट्रेचं गणित वेगळं. जड वस्तू मध्यभागी, तळहाताच्या वर. उतरवताना एकाच बाजूचे ग्लास काढत गेलात तर दुसरी बाजू खाली जाते, म्हणून आळीपाळीने काढायचे. आणि ज्यावर प्रत्येक नवखा एकदा तरी फसतो ती गोष्ट: मदत म्हणून गिऱ्हाईक स्वतःच ट्रेवरचा ग्लास उचलतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण तोल तुमच्या हिशेबाबाहेर जातो आणि उरलेले पाच ग्लास त्याच्याच मांडीवर. त्याचा हात पुढे आला की अर्धं पाऊल मागे घ्या आणि हसून म्हणा, "मी देतो ना."

बर्फ ग्लासने उपसू नका, चमचाच वापरा. बर्फात काच फुटली तर ती दिसत नाही, पेटीतला सगळा बर्फ फेकून पेटी धुवावी लागते. तेही ऐन गर्दीत.

एकदम सगळी टेबलं भरली की हातपाय गळतात. काय करू?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि खरी नोकरी इथेच सुरू होते.

आधी एक समजून घ्या. माणूस थांबायला फारसा कंटाळत नाही. आपण कुणाला दिसलोच नाही या भावनेने तो चिडतो. दहा मिनिटं थांबलेला पण सुरुवातीलाच "बघितलंय तुम्हाला, दोन मिनिटांत येतो" हे ऐकलेला शांत असतो. चार मिनिटं थांबलेला आणि तीनदा तुमच्या पाठीकडे बघून हात खाली घेतलेला मॅनेजरला बोलावतो. म्हणून नवीन टेबल बसलं की हातात काहीही असो, जाता जाता नजर द्या, मान हलवा, एक वाक्य टाका. पाणी नंतर नेलंत तरी चालेल. आणि दोन मिनिटं म्हणालात तर दोनच. पाच लागणार असतील तर पाच सांगा.

दुसरं, फेऱ्या एकत्र करा. नवखा एका टेबलाचं पाणी आणतो, मग दुसऱ्याचा चमचा आणतो, मग तिसऱ्याचा सॉस. तीन खेपा झाल्या आणि सगळेच थांबले. जाणता वेटर तिन्ही टेबलांवरून एक चक्कर मारतो, काय हवं ते गोळा करतो आणि एका ट्रेवर सगळं आणतो. किचनकडे जाताना हात रिकामे नसावेत, खरकटं घेऊन जावं. येताना काहीतरी घेऊन यावं.

तिसरं, क्रम. माझा असा होता: शिजून काउंटरवर आलेला पदार्थ सर्वांत आधी, कारण तो थंड होतोय. मग नवीन टेबलाला तोंड दाखवणं. मग घेतलेली ऑर्डर किचनला पोचवणं. मग बिल. टेबल उचलणं शेवटी. खिशात राहिलेली ऑर्डर ही मोठी चोरटी चूक आहे. "एकदम तीन टेबलांची देतो" म्हणत ती खिशात ठेवली की पहिल्या टेबलाची दहा मिनिटं गेली, आणि किचनवर तिन्ही ऑर्डरी एकदम आदळल्या. वर ओरडा तुम्हालाच.

चौथं, मदत मागा. बुडायला लागल्यावर नाही, पाणी कमरेला असताना. "पाच नंबरला पाणी देशील का?" एवढं नेमकं सांगा. नुसतं "जरा बघ ना" म्हटलं की कुणीच बघत नाही.

आणि पळू नका. पळणारा वेटर दिसला की गिऱ्हाइकालाही घाई वाटू लागते, सहकाऱ्यांना धडकण्याची भीती असतेच. भरभर चाला, मान वर ठेवा. मान खाली घालून चालणारा वेटर हात वर केलेलं टेबल ओलांडून जातो, आणि त्याला कळतही नाही.

जेवण दिल्यावर "कसं आहे" कधी विचारायचं?

दोन घास झाल्यावर, म्हणजे साधारण दोन मिनिटांनी. तेव्हा काही बिघडलं असेल तर सुधारता येतं. प्लेट रिकामी झाल्यावर विचारून काय उपयोग? तोंडात घास असताना विचारू नका. खरंतर पुष्कळदा विचारायचीही गरज नसते. कुणी जेवण चिवडतंय, इकडेतिकडे बघतंय, ग्लास हलवतंय, हे लांबूनच दिसतं.

किचनवाले फार ओरडतात. मनाला लागतं.

लागणारच. पण तिथली उष्णता, भांड्यांचा आवाज आणि एका वेळी डोक्यात असलेल्या वीस ऑर्डरी लक्षात घ्या. तिथे बोलणं तुटक असतं, त्यात राग असतोच असं नाही. तुम्हीही तसंच बोला: टेबल नंबर, पदार्थ, बदल. लांबण नको. त्यांनी काही सांगितलं की ऐकू आल्याचं मोठ्याने सांगा. कुणाच्या पाठीमागून जाताना "मागे आहे", हातात गरम असेल तर "गरम येतंय" असं ओरडा. हा शिष्टाचार नाही, भाजण्यापासून बचाव आहे. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही.

भांडी घासणाऱ्यांशी नीट वागा. खरकटं काढून, सारख्या प्लेटा एकावर एक रचून द्या. ऐन गर्दीत चमचे संपतात तेव्हा आधी कुणाला मिळतात ते बघालच.

शिवीगाळ, अंगावर हात टाकणं हे मात्र "कामातला ताण" या खात्यात बसत नाही. ते वर सांगायचं.

कुणी अॅलर्जी आहे म्हणालं तर?

तिथे थांबा. बाकी कामं वाट बघतील. तुमच्या हातून जीव जाऊ शकतो अशी या नोकरीतली ही जवळजवळ एकमेव जागा आहे. शेंगदाणे, अक्रोड-काजूसारखे सुकामेव्याचे प्रकार, दूध, अंडी, मासे, कोळंबीसारखे कवचवाले जीव, सोया, गहू, तीळ ही नेहमीची कारणं. युरोपीय संघाच्या नियमांत अशा १४ घटकांची यादी आहे, आणि त्यात मोहरी आणि सेलरी नावाची भाजीही येते.

"बहुतेक नसेल" हा शब्द तोंडातून काढू नका. "विचारून सांगतो" म्हणा, शेफला स्वतः विचारा, ऑर्डरवर ठळक लिहा आणि शिवाय तोंडी सांगा. वरून शेंगदाणे उचलून टाकले म्हणजे पदार्थ सुरक्षित होत नाही. त्याच चमच्याला किंवा तेलाला लागलेला अंशही काहींना पुरतो. चुकून गेलंच तर प्लेट परत आणून तीच साफ करून देऊ नका, नवी बनवून घ्या. खाल्ल्यावर कुणाचे ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास अडखळला, तर त्यांच्याकडे औषधाचं इंजेक्शन आहे का विचारा आणि त्याच क्षणी अॅम्ब्युलन्स बोलवा.

घशात घास अडकला तर?

खोकता येत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल आणि हात गळ्याशी गेले असतील तर कुणाला तरी अॅम्ब्युलन्स बोलवायला सांगा आणि माणसाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्या. जमलं नाही तर मागे उभं राहून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच दाब. हेन्री हाइमलिक यांनी १९७४ साली मांडलेली दाबाची पद्धत ती हीच. थापा आणि दाब आळीपाळीने, घास निघेपर्यंत. गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर पोटावर दाब देत नाहीत, त्यांची पद्धत वेगळी असते. वाचून हे हाताला येत नाही, प्रथमोपचाराचं एक दिवसाचं शिक्षण घ्याच.

गिऱ्हाइकाच्या अंगावर सांडलं. आता?

माझ्या तिसऱ्या दिवशी टोमॅटो सूप, पांढरा शर्ट. मी "सॉरी, सॉरी, सॉरी" म्हणत फडक्याने शर्ट पुसायला लागलो आणि डाग बशीएवढा होता तो ताटाएवढा केला. शेवटी त्या गृहस्थांनीच माझा हात धरून थांबवला.

करायचं ते असं: आधी भाजलं तर नाही ना, हे विचारा. एकदाच, नीट माफी मागा. स्वच्छ फडकी आणि पाणी हातात द्या, पुसू त्यांनाच द्या. अनोळखी माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही. मॅनेजरला लगेच सांगा, कपडे धुण्याचा खर्च वगैरे तो बघेल. जमिनीवर सांडलेलं तेवढंच महत्त्वाचं: तिथून हलू नका, दुसऱ्याला फडकं आणायला सांगा, नाहीतर पुढचा ट्रेवाला तिथेच आडवा होईल.

चुकीची ऑर्डर गेली तर कबूल करायचं की सांभाळून घ्यायचं?

कबूल. "किचनने चुकवलं" असंही म्हणू नका, गिऱ्हाइकाच्या दृष्टीने किचन म्हणजे तुम्हीच. "माझ्याकडून चुकलं, बदलून आणतो, इतका वेळ लागेल." मग किचनला सांगा की हे तातडीचं आहे. चूक लपवली तर ती बिलाच्या वेळी बाहेर येते, आणि तोवर तिच्यावर व्याज चढलेलं असतं.

गिऱ्हाईक उद्धट असेल तर कुठवर ऐकायचं?

चिडलेला आणि त्रास देणारा यांत फरक करा. चिडलेल्याला पूर्ण बोलू द्या, मधे स्पष्टीकरण देऊ नका, शेवटी काय करू शकता तेवढंच सांगा. दहातल्या नऊ वेळा तरी तो पाच मिनिटांत निवळतो. अंगाला हात लावणं, घाणेरडं बोलणं, फोन नंबरसाठी मागे लागणं याला मात्र हसून घेण्याची तुमच्यावर सक्ती नाही. टेबल सोडा, मॅनेजरला सांगा, ते टेबल दुसऱ्याला द्यायला सांगा. मॅनेजर "मोठं गिऱ्हाईक आहे, सांभाळून घे" म्हणाला, तर दुसरी नोकरी शोधायला लागा.

बिल कधी न्यायचं?

मागितल्यावर, आणि मागितल्यावर लगेच. जेवण संपलेल्या माणसाचा वेळ सगळ्यांत हळू जातो. नेण्याआधी टेबल नंबर आणि रकमा एकदा बघून घ्या. पैसे कोण देणार याचा अंदाज बांधू नका, मधोमध ठेवा.

टिपचं काय?

पद्धत जागोजाग वेगळी. रुजू होतानाच विचारा: टिप ज्याची त्याला की सगळ्यांत वाटून, किचनला हिस्सा आहे का, कार्डवरची कधी मिळते, कुणी हिशेब ठेवतं का. हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. टिप बघून टेबलं निवडायला लागलात तर मात्र फसाल. भरपूर देतील वाटणारे पुष्कळदा कोरडे जातात.

पाय फार दुखतात. सवय होते का?

दोन-तीन आठवड्यांत बरीच. दोन जोड आलटून पालटून घाला, पाणी पीत राहा, आणि शिफ्टआधी जेवा. उपाशी वेटरने दिवसभर दुसऱ्यांची ताटं वाहणं यासारखी शिक्षा नाही. घरी गेल्यावर दहा मिनिटं पाय भिंतीला टेकवून वर ठेवा.

टेबलं रिकामी असताना मोबाइल बघितला तर चालतं?

नाही. चमचे पुसा, मीठ-मिऱ्याच्या डब्या भरा, नॅपकिन घडी करा, डगमगत्या टेबलाखाली काहीतरी सरकवा. तोंड दाराकडे ठेवून.